कोल्हापूर ते खिद्रापूर, नदीच्या कलानं: दोन दिवसांची निवांत सायकल सहल

शिरढोणच्या थांब्यावर एस.टी.ची वाट बघत बसलेल्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "कोल्हापुरातनं सायकलीवर? गाडी बंद पडली काय?" नाही म्हटल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग टाईम लई हाय म्हणायचं तुमच्याकडं."

बरोबर ओळखलं त्यांनी. या सहलीला लागतो तो वेळच. दम, महागडी सायकल, अंगाला घट्ट बसणारे कपडे यातलं काही नसलं तरी चालतं. पंचगंगा घाटावरून निघायचं, नदीच्या संगतीनं पूर्वेकडं नृसिंहवाडीला, आमच्या बोलीत नुसत्या वाडीला, मुक्कामाला जायचं, दुसऱ्या दिवशी कृष्णाकाठानं खिद्रापूर बघून जयसिंगपुरातून रेल्वेनं परत. वाटेत घाट नाही, डोंगर नाही. चढ म्हणावा तर पुलांचा. दोन्ही दिवशी साधारण ५० ते ५५ किलोमीटर पडतात. आपल्याकडची पोरं एवढं अंतर नाश्त्याच्या आधी मारून येतात, पण हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांनी दहा-पंधरा वर्षांत सायकलला हात लावलेला नाही आणि आता लावावा असं वाटतंय, त्यांच्यासाठी आहे.

आधी महिना ठरवा

पावसाळ्यात हा रस्ता विसरा. पंचगंगेची पातळी कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ आणि २०२१ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, हे कोल्हापूरकराला सांगायला नको. पण सायकलवाल्यानं धोक्याच्या पातळीपर्यंत थांबायचं नसतं. जुलै उजाडला की पेपरात रोज एक ओळ येते: राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे पाण्याखाली. ही ओळ सुरू झाली की आपली सायकल भिंतीला. ती बंद झाली तरी लगेच निघू नका. पूर ओसरल्यावर काठावरची काळी माती चाक आणि मडगार्डच्या मधे अशी बसते की सायकल ढकलतासुद्धा येत नाही, उचलावी लागते.

दिवाळीनंतर नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा चांगला काळ. याच काळात उसाचा हंगाम असतो. त्याचे फायदे गुऱ्हाळावर कळतात आणि तोटे रस्त्यावर. दोन्ही पुढं सांगतो. डिसेंबर-जानेवारीत नदीवर सकाळी धुकं असतं. सात-साडेसातपर्यंत समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून उजाडायच्या आत निघायची घाई या दोन महिन्यांत करू नका. मार्चपासून ऊन चढतं. तेव्हा जायचंच असेल तर साडेपाचला निघून अकराच्या आत सावली गाठायची.

वाऱ्याचंही बघायला हवं. उन्हाळा जवळ आला की दुपारनंतर वारा पश्चिमेकडून येतो. म्हणजे वाडीला जाताना पाठीवर आणि कोल्हापूरला येताना तोंडावर. सपाट मुलखात वारा हाच चढ. परतीला रेल्वे सुचवतोय ती त्यामुळंच.

दिवस निवडताना दत्तजयंती, पौर्णिमा, गुरुवार आणि शनिवार-रविवार टाळले तर वाडीला निवांत खोली मिळते. नोकरदारांना रविवारशिवाय सवड नसते हे खरं. मग शनिवारी मुक्काम करा, पण खोलीचं आधी फोनवर ठरवून घ्या.

सायकल: घरातली चालेल

अडगळीतली काळी चोवीस इंची सायकलही या रस्त्याला चालते. गिअर असले तर वाऱ्याला बरे, नसले तर अडत नाही. माझा सल्ला एकच, नवी सायकल घेऊन थेट सहलीला जाऊ नका. आहे ती दुरुस्त करा आणि आधीचे तीन रविवार रंकाळा तलावाला फेऱ्या मारा. पहिल्या रविवारी १०, मग २०, मग ३० किलोमीटर. पायांपेक्षा बूड तयार व्हायला जास्त दिवस लागतात.

दुकानात टाकताना कारागिराला "बघा जरा" एवढंच सांगितलं तर तो हवा भरून, चेनला तेल सोडून परत देतो. काय बघायचं ते सांगा. ब्रेकची रबरं झिजली असतील तर चारही बदला. चाक फिरवून बघा, रिम ब्रेकला घासत असेल तर आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून घ्या. स्पोक एकेक दाबून बघा, सैल असतील ते कसून घ्या. टायरला बाजूनं बारीक चिरा पडल्या असतील तर टायरच बदला. वर्षानुवर्षं हवा न भरता उभ्या राहिलेल्या सायकलीचं हे हमखास दुखणं. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. बहुतेक लोक निम्म्या हवेत सायकल मारतात आणि मग पाय दुखले म्हणतात.

सीटची उंची घरीच लावा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. मारताना चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्याला आपोआप हवा तेवढा बाक राहतो. सीट खाली ठेवून मारणारे दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हतात.

आणि हो, कापशी चप्पल घरी ठेवा. तिचा कर्रकर्र आवाज रुबाबदार असेल, पण तळ गुळगुळीत असतो आणि पायडलवरून घसरतो. साधे कॅनव्हासचे बूट उत्तम.

सोबत काय न्यायचं

पाठीवर सॅक नको. दहा किलोमीटरनंतर खांदे भरून येतात आणि पाठ भिजते. मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी लोंबणारी पिशवी बांधा. विकतची नसेल तर खताच्या जाड पोत्याची शिवून घ्या, माझी पहिली तशीच होती. सामान इतकंच: एक जोड कपडे, सुती पंचा, हलकं जर्किन, पुढचा-मागचा लाईट, दोन लिटर पाणी, हातपंप, एक नवी ट्यूब, पंक्चरचं सामान, औषधं, थोडे सुटे पैसे. पंचा मोलाचा. तो डोक्याला बांधता येतो, अंग पुसायला होतो, सीट टोचायला लागली तर तिच्यावर गुंडाळता येतो.

खायला भाजलेले शेंगदाणे आणि गूळ. बाजारात मिळणाऱ्या चकचकीत कागदातल्या वड्यांमध्ये याहून वेगळं फारसं काही नसतं आणि आपण तर गुळाच्या गावचे. निघण्याआधी मात्र मिसळ खाऊ नका. मी खाल्लेली आहे. तर्री पोटात आणि वर ऊन, गांधीनगर ओलांडेपर्यंत दोनदा थांबावं लागलं. गंगावेशीत कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देतात, ते पचत असेल तर एक ग्लास घ्या. नाहीतर केळी.

पहिला दिवस: घाट ते वाडी

सुरुवात पंचगंगा घाटावरून. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशी पाचांची ही नदी वर प्रयाग चिखलीला होते आणि शहराला वळसा घालून पूर्वेला निघते. आपण शहराच्या आतून तिला पुढं गाठायचं. दसरा चौक, व्हीनस कॉर्नर, बसस्थानक, कावळा नाका, तावडे हॉटेल. सकाळी सहाला हा पट्टा अर्ध्या तासात मागं पडतो, नऊनंतर निघालात तर त्याच अर्ध्या तासात बसस्थानकही ओलांडून होणार नाही. तावडे हॉटेलला महामार्गाखालून सरळ गांधीनगरात शिरायचं. इथं कापडाची घाऊक बाजारपेठ आहे. दुकानं उघडायच्या आत बाहेर पडा, नाहीतर टेम्पोंच्या मधे अडकाल.

गांधीनगरला लागून वळिवडे. इथं एक पाच मिनिटं पाय टेकायला हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ते १९४८ या काळात याच जागी पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. ती परत गेल्यावर फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबं इथं वसली आणि गांधीनगर झालं. आज बघण्यासारखं फार उरलेलं नाही, पण कपड्याच्या गठ्ठ्यांमधून सायकल काढताना हे ठाऊक असलं तर रस्ता वेगळा दिसतो.

वळिवड्यानंतर चिंचवाड, आणि मग नदी ओलांडून रुकडी. इथून खरा काठ सुरू होतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच हिरवा चारा, भाजीपाला आणि उजव्या अंगाला कुठंतरी नदी. ती सारखी दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. ऊस माणसापेक्षा उंच असतो, त्यामुळं नदी कळते ती हवेतल्या गारव्यावरून आणि विद्युत पंपांच्या घरघरीवरून. मधेच एखादी पायवाट पाण्यापर्यंत जाते, तिथं सायकल लावून उतरायचं. अशा दोन-तीन वाटा धरल्या नाहीत तर नदीकाठची सहल करून नदी न बघताच घरी याल.

पुढचं गाव माणगाव. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी इथं परिषद भरली होती. अध्यक्ष डॉ. आंबेडकर, वय २८. राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला. गावात स्मारक आहे, ते बघून जा. माणगावहून रुई, रुईहून इचलकरंजी. घाटापासून इथवर साधारण ३० किलोमीटर झालेले असतात आणि उन्हानं कान तापायला लागलेले असतात.

इचलकरंजी आधी ऐकू येते, मग दिसते. १९०४ मध्ये इथं पहिला यंत्रमाग आला, आता गल्लीबोळातून खटखट चालू असते. जेवण इथंच करा आणि हलकं करा. पाणी भरून घ्या. नदीचं पाणी तोंडाला लावू नका. साखरपट्टा आणि कापडपट्टा दोन्ही हिच्या काठावर, त्यामुळं उन्हाळ्यात जलपर्णी आणि फेस असतो, तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेले मासे तरंगल्याच्या बातम्याही येतात. काठाकाठानं सायकल मारणाऱ्याला हे नाकालाही कळतं. सुंदर काठाचा लेख लिहिताना हे गाळायची पद्धत आहे, पण तुम्हाला वास येणारच आहे, मग लपवून काय उपयोग?

दुपारी दोन तास पडी टाकून तीनला निघायचं. टाकवडे, शिरढोण, मग पूल ओलांडून कुरुंदवाड. हा वीस किलोमीटरचा तुकडा मला सगळ्यात आवडतो. रस्ता अरुंद, गाड्या कमी, जमीन हाताच्या तळव्यासारखी सपाट. वांगी, टोमॅटो, फुलकोबीचे प्लॉट आणि मधेच कानावर पडणारी कानडी. कुरुंदवाड पटवर्धनांच्या संस्थानाचं गाव. इथला घाट पाहून पूल ओलांडला की नृसिंहवाडी.

वाट विचारताना

फोनमधला नकाशा जवळची वाट दाखवतो आणि ती पुष्कळदा पाणंद निघते, म्हणजे दोन शेतांमधली बैलगाडीची चाकोरी. जानेवारीत ती सुकलेली असली तरी चाकोरीच्या कडा दगडासारख्या असतात. माणसाला विचारा. "मामा, वाडीला ह्यो रस्ता जातोय न्हवं?" असं विचारू नका, होय म्हणायला लावणाऱ्या प्रश्नाला आपल्याकडं होयच मिळतं. "वाडीला कुठनं जायचं?" असं विचारा. वयस्कर माणसाला मामा, काका, अण्णा. बाईला मावशी, आक्का. बरोबरीच्याला भावा किंवा दादा. "हितंच हाय, फर्लांगभर" याचा अर्थ अर्ध्या किलोमीटरपासून चार किलोमीटरपर्यंत काहीही होतो.

पाणी हवं असेल तर रस्त्याकडेच्या घरात मागा. आधी गुळाचा खडा येईल, मग तांब्या, मग चौकशी. कोणाचे, कुठले, कशाला. ही चौकशी आटपती घेऊन पळू नका. मला काहीही खर्च न करता मिळालेल्या चांगल्या गोष्टी, एकदा हुरडा आणि एकदा वादळात तासभर आसरा, अशा चौकशीतूनच मिळाल्या.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण बायको सोबत असल्याशिवाय ती मला सुचलीच नसती. उसाच्या रानात आडोसा भरपूर दिसतो, पण तोडणी चालू असेल तर आत माणसं असतात. स्वच्छतागृहाचे थांबे आधी धरून ठेवा: निघताना बसस्थानक, इचलकरंजीतलं हॉटेल, वाटेतले पेट्रोलपंप, मग थेट वाडी.

वस्तीवरची कुत्री अंगावर आली तर जोरात पळवू नका. उतरा, सायकल मधे ठेवा, चालत पुढं जा. चालणाऱ्या माणसात त्यांना रस नसतो.

बंधारा ओलांडायचा असेल तर

मुख्य मार्गावर पूल आहेत, पण काठावर फिरताना बंधाऱ्यावरून पलीकडं जायचा मोह होतो. नदीपात्रात ओळीनं खांब, खांबांना खाचा, खाचांत फळ्या म्हणजे बरगे बसवून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याआधी ते काढून घ्यायचे, अशी ही रचना. राज्यभर तिला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, तेवढा मान आपल्या जिल्ह्याला आहे. वरून जाणारा स्लॅब अरुंद असतो आणि बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो. उतरून ढकलत न्या. समोरून मोटारसायकल येताना दिसली तर अलीकडंच थांबा, मधे दोघांना जागा होत नाही. स्लॅबवर हिरवट शेवाळ असेल तर बूटही घसरतो. आणि वरून पाणी वाहत असेल, अगदी घोट्याएवढं का असेना, तर माघारी फिरा. घोट्याएवढं वाहतं पाणी सायकलची चाकं ओढून नेतं, कारण धरायला काही नसतं.

ऊस: गोड भाग आणि धोक्याचा भाग

धोक्याचा आधी. हंगामात ट्रॅक्टरला मागं दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या आणि डेकवर गाणं एवढ्या मोठ्यानं की मागून हॉर्न दिला तरी चालकाला ऐकू जात नाही. याच्या मागं किंवा शेजारी राहू नका. वळणावर मागची ट्रॉली आत येते. रस्ता सोडून खाली उतरा, ती जाऊ द्या. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायची लहानपणची सवय सायकलवर करू नका. साखर कारखान्याजवळ, म्हणजे शिरोळच्या रस्त्याला, रिकाम्या आणि भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागतात. रात्री यातल्या अनेकांना मागं लाल दिवा नसतो.

पहिल्या वर्षी मी गुऱ्हाळात रेंगाळलो आणि शेवटचे आठ किलोमीटर अंधारात मारले. समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात डोळे दिपले आणि त्याच क्षणी चाकाखाली काहीतरी सरसरलं. रस्त्यावर पडलेलं वाडं होतं, उसाचा ओला शेंडा. सायकल आडवी, मी त्याच्यावर. गुडघा फुटला एवढंच, पण मागून ट्रॉली आली असती तर हा लेख दुसऱ्या कोणीतरी लिहिला असता. तेव्हापासून माझा नियम साडेपाचचा. सूर्य कुठंही असो, साडेपाचला मुक्कामाचं गाव आलेलं पाहिजे.

आता गोड भाग. गुऱ्हाळ लांबून ओळखता येतं, धुरानं आणि वासानं. चालू गुऱ्हाळं वर्षागणिक कमी होत चाललीत, म्हणून दिसलं की थांबा, पुढच्याला जाऊ म्हणू नका. आत जाताना परवानगी मागा आणि काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या भल्यामोठ्या कढईपासून, दोन हात लांब उभे राहा. घाण्यातून येणारा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं जळत असतात. भेंडीच्या चिकानं मळी वर येते, ती झाऱ्यानं काढत राहायची. मग रस दाट होतो, रंग हिरवटाकडून सोनेरीवर जातो. या सगळ्यात गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, फारसं बोलत नाही. थोडा पाक गार पाण्यात सोडून बोटांनी वळून बघतो. गोळी झाली की एक शब्द, आणि चार माणसं काहील उचलून वाफ्यात ओततात. पाच मिनिटं आधी ओतला तर गूळ पाघळतो, उशीर झाला तर करपतो. गोळी व्हायच्या थोडं आधीची काकवी मागितली तर वाटीभर मिळते. गरम काकवी, सोबत आपले शेंगदाणे. यानंतर सायकल जड लागली तर तक्रार करू नका.

पंक्चर: हे घरी दोनदा करून बघा

या मार्गावर बाभळी आहेत आणि कुंपणाला लावलेल्या काट्यांच्या फांद्या रस्त्यावर सांडतात. पंक्चर होणार असं धरूनच चला. गावाबाहेर दुकान नसतं.

सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करा. चाक काढण्याआधी टायर फिरवून काटा दिसतो का बघा. दिसला तर तिथं खडूनं किंवा चिखलानं खूण करा. उरलेली हवा पूर्ण सोडा. टायरची कड दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं रिममधून सैल करा, मग व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूनं लिव्हर घाला. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, ट्यूबला दुसरं भोक पडतं. ट्यूब बाहेर काढताना तिची बाजू लक्षात ठेवा, म्हणजे ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधली काट्याची जागा सापडते. ट्यूबमध्ये हवा भरून गालाजवळून फिरवा. कानाला ऐकू न येणारी फुंकर गालाला लागते. तरी सापडली नाही तर शेताच्या पाटात बुडवा.

भोकाभोवती पॉलिश पेपरनं चांगलं घासा, चकाकी गेली पाहिजे. सोल्यूशन पातळ लावा आणि थांबा. इथं सगळे चुकतात. ओल्यावर पॅच लावला तर तो सरकतो. पाचेक मिनिटांनी सोल्यूशन मळकट, कोरडं दिसायला लागतं, मग पॅच दाबा आणि अंगठ्यानं मधून कडेकडं चोळा. वर थोडी कोरडी माती लावा म्हणजे ट्यूब टायरला चिकटत नाही.

आता टायरच्या आतून पंचा फिरवा. बोट फिरवू नका, काटा बोटात जातो. शिरढोणजवळ मी एक काटा काढून समाधानानं टायर चढवला, दोनशे पावलांवर परत हवा गेली. टायरमध्ये अजून दोन होते. आणि सोल्यूशनची नळी पिशवीत वाळून गेलेली. शेवटी नवी ट्यूब घातली, ती नसती तर कुरुंदवाडपर्यंत ढकलत जावं लागलं असतं. फोडलेली सोल्यूशनची नळी पुढच्या सहलीला टिकत नाही, दर वेळी नवी घ्या.

टायर परत चढवताना ट्यूबमध्ये किंचित हवा असू द्या, म्हणजे पिळा पडत नाही. व्हॉल्व्हपासून सुरुवात करून समोरच्या बाजूला संपवा, शेवटचा भाग अंगठ्यांनीच ढकला. थोडी हवा भरून ट्यूब कुठं चिमटली नाही ना ते दोन्ही बाजूंनी बघा, मग पूर्ण भरा.

वाडीचा मुक्काम

भक्तनिवास आणि घरगुती खोल्या दोन्ही मिळतात. सायकल आत घ्यायला देतात का ते खोली ठरवतानाच विचारा. आंघोळ करून घाटावर जा. औदुंबराखाली पादुकांचं मंदिर, समोर कृष्णा, थोडं खाली पंचगंगेचा संगम. सकाळपासून जिच्या सोबत आलो ती नदी इथं संपते. पुराच्या काळात पाणी मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार म्हणतात आणि त्या पाण्यात स्नानाला गर्दी लोटते. जानेवारीत त्याच पायऱ्या कोरड्या असतात. पाय मोकळे सोडून बसायला याहून बरी जागा दिवसभरात मिळालेली नसते.

रात्री बासुंदी खा, दुसऱ्या दिवशी सकाळी खाऊ नका. कवठाची बर्फी मात्र पिशवीत टाका, ती उन्हात पेढ्यापेक्षा चांगली टिकते.

दुसरा दिवस: खिद्रापूर आणि परत

सामान खोलीवर ठेवून रिकाम्या सायकलीनं निघा. कुरुंदवाड, अकिवाट, सैनिक टाकळी, खिद्रापूर. जायला वीसेक किलोमीटर. टाकळीच्या नावामागचं कारण विचारायला नको, घराघरातून फौजेत गेलेली माणसं आहेत. चहाच्या टपरीवर एखादे निवृत्त सुभेदार भेटले तर तासाची निश्चिंती.

कोपेश्वराचं देऊळ शिलाहारांच्या काळातलं, १२व्या शतकातलं. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे. दारातून आत गेलात की स्वर्गमंडप. छताला मधोमध गोल मोकळीक, खाली तेवढ्याच मापाची गोल शिळा, भोवती खांबांची कडी. दहा-साडेदहाला पोचलात तर उन्हाचा तुकडा तिरका एका बाजूच्या खांबांवर पडलेला असतो, दुपारी तो सरकत शिळेकडं येतो. मी शिळेच्या कडेला बसून राहतो. मग बाहेरून एक फेरी, खालच्या हत्तींच्या रांगेकडं बघत. इथं शिवासमोर नंदी नाही. तो कर्नाटकात यडूरला आहे असं सांगतात, आणि गावातली पोरं ती गोष्ट आपापल्या पद्धतीनं रंगवतात. देवळामागं कृष्णा आहे, तिकडंही जाऊन या.

साडेअकरापर्यंत तिथून निघा. वाडीला जेवण, थोडी विश्रांती, मग शिरोळमार्गे जयसिंगपूर, साधारण १५ किलोमीटर. या टप्प्यात वाहतूक जास्त, ऊसगाड्या जास्त, बघण्यासारखं कमी. डोकं खाली घालून मारायचा तुकडा आहे.

रेल्वेत सायकल न्यायची तर आधी स्थानकावर चौकशी करा. लगेज म्हणून नोंद करावी लागते आणि कुठल्या गाडीत जागा आहे ते तिथंच कळतं. चाकं काढून, फ्रेमला बांधून, पंच्यात गुंडाळली तर सगळं सोपं होतं. मी एकदा ही चौकशी न करता शेवटच्या क्षणी फलाटावर गेलो. गाडी समोरून गेली आणि मी हातकणंगल्यापर्यंत वाऱ्याशी भांडत आलो. एस.टी.चा भरवसा धरू नका. नव्या गाड्यांना टपावर कॅरिअर नसतो.

घरी आल्यावर सायकल तशीच ठेवू नका. चेन रॉकेलच्या फडक्यानं पुसून परत तेल द्या, कारण धूळ आणि उसाचा चिकटा मिळून तिच्यावर काळा लेप बसतो. मग दोन्ही टायरवरून सावकाश फडकं फिरवा. मागच्या वेळी मला हे चौथ्या दिवशी आठवलं. मागच्या टायरमध्ये बाभळीचं अर्धं टोक होतं, हवा अजून धरून.